ओझ्याच्या सायकलीची घंटी : निवड, जोडणी व निगा

पेण आणि रोहा हे रायगड जिल्ह्यातील दोन तालुके भातासाठी प्रसिद्ध आहेत. पेणच्या खारेपाटात खारबांधांच्या आधाराने भात पिकते, तर रोह्यात कुंडलिकेवरील डोलवहाळ बंधाऱ्याच्या कालव्यामुळे उन्हाळ्यातही शेते हिरवी दिसतात. भाताची वाहतूक वर्षातून एक-दोनदा होते व ती गाडीने किंवा ट्रॅक्टरने भागते. परंतु शेतकऱ्याच्या घरात रोज पैसा आणणारा माल, म्हणजे दूध, भाजी, वालाच्या शेंगा व मासळी, हा थोडा थोडा आणि रोजच्या रोज बाजारात न्यावा लागतो. या कामी मोटारसायकली व टेंपो आले असले, तरी ज्याचा माल थोडा आणि ज्याच्या हाती भांडवल कमी, त्याला सायकल अजूनही परवडते. तिला इंधन लागत नाही, ती बांधावरून जाते, आणि चढावर उतरून ढकलताही येते.

अशा सायकलीची निगा राखताना शेतकरी टायर पाहतो, चेनला तेल देतो, कॅरिअर मजबूत करून घेतो. घंटीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ती मोडली तर तशीच राहते. नवी घेतली तर दुकानात जी हाती येईल ती, आणि हँडलवर जेथे जागा मिळेल तेथे बसविली जाते. रिकाम्या सायकलीच्या बाबतीत ही हयगय एक वेळ खपून जाईल. ओझ्याच्या सायकलीच्या बाबतीत ती खपत नाही. याचे कारण समजून घेतले म्हणजे घंटी कशी निवडावी व कोठे बसवावी, हे आपोआप ध्यानात येते.

ओझे वाढले की थांबणे लांबते

सायकलस्वाराचे वजन ६० किलो व सायकलीचे २० किलो धरले, तर रिकाम्या सायकलीचा एकूण भार ८० किलो होतो. तिच्या दोन्ही बाजूंस २५-२५ लिटर दुधाचे कॅन अडकविले, तर दुधाचेच वजन ५० किलोंहून अधिक होते, कारण एक लिटर दूध एक किलोपेक्षा किंचित जड असते. कॅनसह हे ओझे सुमारे ६० किलो धरावे. म्हणजे एकूण भार १४० किलो झाला. रिकाम्या सायकलीच्या पावणेदोन पट. ब्रेकचा जोर मात्र पूर्वीइतकाच राहतो.

आता वेगाचा हिशेब पाहू. सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने चालली असता ती एका सेकंदात सुमारे ४ मीटर जाते. समोर कोणी आले, हे ध्यानात येऊन हात ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद सहज जातो. त्यानंतर चांगल्या ब्रेकने रिकामी सायकल आणखी साडेचार मीटरांत थांबली, असे धरले, तर एकंदर साडेआठ मीटर लागले. त्याच ब्रेकने ओझ्याची सायकल थांबण्यास एकंदर सुमारे १२ मीटर लागतील. पावसाळ्यात चाकाची रिम ओली होऊन ब्रेकची पकड निम्म्यावर आली, तर हेच अंतर २० मीटरांच्या घरात जाते. कोकणात पावसाचे चार महिने असतात, हे लक्षात घेता हा शेवटचा आकडाच हिशेबात धरणे शहाणपणाचे आहे.

दुसरी अडचण वळण्याची. ओझे मागील चाकावर असल्याने पुढचे चाक हलके होते व हँडल लवकर डगमगते. रिकाम्या सायकलीवर बसलेला माणूस ऐनवेळी हँडल वळवून वाट काढतो. ओझेवाल्याने तसे केले, तर कॅन हेलकावतात आणि सायकल कलंडते. तात्पर्य, ज्याला लवकर थांबता येत नाही व झटकन वळताही येत नाही, त्याने आपण येत असल्याची वर्दी आधीच दिली पाहिजे. पूर्वी टपाल घेऊन धावणारा हरकारा घुंगरू लावलेली काठी बाळगीत असे. बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा असतात, त्या शोभेसाठी असल्या तरी अरुंद वाटेवर समोरून येणाऱ्या गाडीवानाला त्यांचा उपयोग होतोच. ओझ्याच्या सायकलीची घंटी हेच काम करते.

घंटी कोणासाठी?

रस्त्यावर एकटा सायकलवालाच ओझे वाहत नसतो. पेणच्या बाजाराकडे येणाऱ्या वाटांवर डोंगराकडील वाड्यांतील आदिवासी स्त्रिया डोक्यावर फाट्याची मोळी किंवा भाजीची पाटी घेऊन चालतात. डोक्यावर भार असलेल्या बाईला मान मागे वळविता येत नाही. मागून काय येत आहे, हे तिला केवळ कानांनी कळते. तिला एकाएकी अगदी पाठीशी घंटी ऐकू आली, तर ती दचकते, पाऊल चुकते आणि मोळीसकट रस्त्याच्या मध्यावर येते. तीच घंटी वीस-पंचवीस मीटरांवरून ऐकू आली, तर ती दोन-चार पावले शांतपणे कडेला सरकते. या दोन प्रसंगांतील फरक म्हणजे कधी सांडलेले दूध, कधी मोडलेले हाड आणि कधी त्याहूनही वाईट.

वयस्कर माणसांचा प्रश्न निराळा आहे. उतारवयात कानांची शक्ती कमी होते, ती प्रथम बारीक व उंच स्वरांच्या बाबतीत. म्हणून लहान घंटीचा किणकिणाट तरुणास स्पष्ट ऐकू येतो, पण म्हाताऱ्यास येत नाही. घंटी निवडताना हा मुद्दा विसरू नये.

घंटीची रचना

सायकलीच्या नेहमीच्या घंटीचे चार भाग असतात : वरची वाटी, तळची चकती, अंगठ्याने दाबावयाचा खटका आणि हँडलभोवती आवळावयाची पट्टी. खटका दाबला की आतील दात्यांची चाके फिरतात. त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या दांडीवर दोन सैल लोखंडी चकत्या असतात. त्या वेगाने बाहेर फेकल्या जाऊन वाटीच्या आतील बाजूवर आपटतात व आवाज होतो. खटका सोडला की स्प्रिंग त्याला जागेवर आणते. दुसऱ्या प्रकारात स्प्रिंगवरील एक लहान हातोडी वाटीला बाहेरून एकच टोला देते.

दोन्ही प्रकारांत वाटी ही केवळ मध्यभागी धरलेली असते व तिची कड मोकळी असते. ही मोकळी कड थरथरते म्हणूनच घंटी वाजते. वाजत्या घंटीच्या कडेला बोट लावून पाहावे. आवाज तत्काळ मरतो. ओझ्याच्या सायकलीवरील बहुतेक घंट्या निकामी होतात, त्या याच कारणाने. घंटी बिघडलेली नसते. पिशवीचा बंद, दोरीचा पीळ किंवा मालावर घातलेला प्लॅस्टिकचा कागद वाटीला टेकलेला असतो.

घंटीची निवड

घंटी घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. आकार. वाटीचा व्यास ५ ते ६ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा असावा. मोठ्या वाटीचा स्वर खालचा व भरदार असतो आणि तो वयस्कर माणसांनाही ऐकू येतो. शोभेच्या अगदी लहान घंट्या मुलांच्या सायकलींना ठीक आहेत.

२. नाद. दुकानात घंटी हातात धरून वाजवावी, पण वाटीला बोटे लागू देऊ नयेत. खटका सोडल्यावरही नाद काही क्षण टिकला पाहिजे. टणत्कार होऊन आवाज तेथेच थांबला, तर वाटी पातळ, तडकलेली किंवा नीट न बसलेली आहे असे समजावे.

३. खटका. तो रुंद व मजबूत असावा. ओल्या किंवा मातीने भरलेल्या अंगठ्याखाली अरुंद खटका निसटतो. खटका दाबल्यावर चटकन मागे आला पाहिजे.

४. आपोआप न वाजणे. घंटी हलकेच हलवून पाहावी. नुसत्या हलविण्याने जी वाजू लागते, ती खडबडीत रस्त्यावर सतत वाजत राहील. सतत वाजणाऱ्या घंटीकडे कोणी लक्ष देत नाही, आणि गरजेच्या वेळी वाजविलेली घंटीही मग ऐकून न ऐकल्यासारखी होते.

५. धातू. खाडीकाठच्या गावांत हवेत खारटपणा असतो. तेथे मुलामा दिलेल्या पोलादी वाटीवर लवकर डाग पडतात व मुलामा सुटलेल्या जागी गंज धरतो. पितळी वाटी काळवंडते, पण तिला लोखंडासारखा गंज चढत नाही. पितळी मिळाल्यास ती घ्यावी. आतील स्प्रिंग मात्र बहुधा पोलादीच असते, म्हणून निगा कोणत्याही घंटीस चुकत नाही.

६. पट्टीचे माप. हँडलची नळी मुठीजवळ सुमारे २२ मिलिमीटर जाडीची असते. काही सायकलींत मध्यभागी ती २५ मिलिमीटरांपर्यंत जाड असते. मापाहून मोठी पट्टी कितीही आवळली तरी फिरत राहते. शक्यतो सायकल बरोबर नेऊन जागेवरच लावून पाहावी.

रबरी फुग्याचा भोंगा आवाजाला मोठा असतो, परंतु तो दाबण्यासाठी बहुधा मूठ सोडावी लागते व उन्हाने रबर फुटते. बॅटरीवरील हॉर्नमध्ये पावसाचे पाणी शिरण्याचे भय असते, आणि त्याच्या कर्कश आवाजाने गुरे बुजतात. रोजच्या कामास साधी अंगठ्याची घंटीच बरी.

घंटी कोठे बसवावी?

घंटी डाव्या मुठीच्या आतील बाजूस, मुठीला लागून बसवावी. बोटे मुठीवर व ब्रेकवर तशीच ठेवून केवळ अंगठा सरकवून खटका दाबता आला पाहिजे. हँडलच्या मध्यभागी बसविलेली घंटी दिसावयास नीटनेटकी दिसते, पण ती वाजविण्यासाठी हात सोडावा लागतो. हँडल डगमगत असताना आणि ब्रेकची गरज असताना हात सोडणे म्हणजे संकटास बोलावणे होय.

डावी बाजूच का, याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, आपल्याकडे वळण्याचा किंवा थांबण्याचा इशारा उजव्या हाताने करतात. त्या वेळी हँडलवर डावाच हात असतो व घंटी त्याच्या ताब्यात राहते. दुसरे कारण ओझेवाल्याच्या रोजच्या अनुभवाचे आहे. चढ लागला की तो उतरतो व सायकलीच्या डाव्या बाजूने चालत, डाव्या हाताने डावी मूठ व उजव्या हाताने बैठक किंवा माल धरून ती ढकलतो. नागोठण्याहून रोह्यास जाताना भिसे खिंडीत भरलेली सायकल अशीच न्यावी लागते. घंटी उजव्या मुठीजवळ असेल, तर चालणाऱ्या माणसास ती वाजविता येत नाही. आणि खिंडीच्या वळणावर तिची गरज तर अधिक असते.

वाटीचे तोंड खाली, म्हणजे घुमट वर, अशी घंटी असावी. जागा मिळावी म्हणून काही जण ती हँडलखाली उलटी टांगतात. तसे केल्यास वाटी भांड्यासारखी होऊन तिच्यात पाणी व चिखल साचतो.

पुढे टोपली किंवा खोका असल्यास त्याची कड वाटीपासून किमान तीन बोटे दूर असावी. हँडलला पिशव्या अडकविण्याची सवय सोडणे उत्तम, कारण त्यांनी हँडलही जड होते. नाइलाजाने अडकवावीच लागली, तर ती उजव्या बाजूस व आखूड बंदाची असावी.

जोडणीची कृती

१. हँडलची नळी जोडणीच्या जागी कोरड्या फडक्याने पुसून गंज व तेल काढून टाकावे.

२. जुन्या ट्यूबचा पट्टीएवढ्या रुंदीचा तुकडा कापून नळीवर एकच वेढा द्यावा. त्यामुळे पट्टी घसरत नाही व नळीचा मुलामा खरवडला जात नाही. दोन-तीन वेढे देऊ नयेत, घंटी डुगडुगते.

३. पट्टी नळीवर बसवून स्क्रू हाताने लावावा. दांडीचे ब्रेक असलेल्या सायकलीत हँडलच्या खालून ब्रेकची दांडी जाते. ती पट्टीत सापडू देऊ नये. तारेचे ब्रेक असल्यास तारही मोकळी राहिली पाहिजे.

४. बैठकीवर बसून, मूठ नेहमीप्रमाणे धरून, अंगठा जेथे सहज पडतो तेथे खटका आणावा. मग स्क्रू आवळावा. पावसाळ्यात घोंगडी किंवा रेनकोट वापरीत असल्यास तो घालूनच ही जागा ठरवावी.

५. ब्रेक पूर्ण आवळावा, हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवावे व प्रत्येक वेळी घंटी वाजवून पाहावी. कोठेही अडथळा वा घासणे नसावे.

तीस पावलांची चाचणी

जोडणी झाली म्हणजे काम संपले, असे समजू नये. रिकाम्या सायकलीवर वाजणारी घंटी भरलेल्या सायकलीवर वाजेलच असे नाही. म्हणून खरी चाचणी माल लादल्यावर घ्यावी. नेहमीचे कॅन, पाट्या, दोऱ्या व आच्छादन चढवून सायकल उभी करावी. घरातील एका माणसास तीस पावलांवर, म्हणजे सुमारे वीस-बावीस मीटरांवर, पाठ करून उभे करावे आणि आवाज ऐकू येताच हात वर करण्यास सांगावे. न सांगता दोन-तीन वेळा घंटी वाजवावी. प्रत्येक वेळी हात वर झाला, तर घंटी योग्य. हे काम घरातील आजोबांकडे दिल्यास चाचणी अधिक खरी होते. मालाची मांडणी बदलली, तर चाचणी पुन्हा घ्यावी. युरियाची ४५ किलोची गोणी आणताना सायकलीची बांधणी दुधाच्या कॅनपेक्षा अगदी वेगळी असते, हे उदाहरण पुरेसे आहे.

वाजवावी केव्हा?

माणूस दिसताच, वीस-पंचवीस मीटरांवरून, दोन लहान ठोके द्यावेत. ताशी १५ किलोमीटर वेगाने हे अंतर काटण्यास पाच-सहा सेकंद लागतात. तेवढ्यात पुढच्याला सरकता येते. तो सरकला नाही, तर वेग कमी करून पुन्हा वाजवावी. जवळ गेल्यावर घंटीचा सपाटा लावू नये. तेथे "ताई, मागून सायकल येते" एवढे तोंडाने सांगणे अधिक चांगले.

गुरांच्या अगदी जवळ घंटी वाजवू नये. बैल बुजला तर गाडीसह खाचरात उतरेल. दुरून एकदा वाजवावी, गुराख्याने वा गाडीवानाने पाहिले की हळू जावे.

खारबांधावरील वाट अरुंद असते व दोन्ही बाजूंस पाणी किंवा चिखल असतो. तेथे दोन सायकली समोरासमोर आल्या, तर एकाला माल उतरवावा लागतो. बांधावर चढण्यापूर्वीच थांबून घंटी द्यावी. पलीकडून घंटीने किंवा हाकेने उत्तर आले तर वाट पाहावी.

मुंबई-गोवा महामार्गावर मात्र घंटीवर भिस्त ठेवू नये. वडखळ, नागोठणे, कोलाड या भागांतून जाणाऱ्या मालमोटारींच्या चालकास बंद खिडकीआड व इंजिनाच्या आवाजात कोणतीच सायकलीची घंटी ऐकू येत नाही. तेथे अगदी कडेने जाणे, मागे लाल परावर्तक लावणे व कॅन किंवा गोणी त्याच्या आड येऊ न देणे, हेच उपाय आहेत. पहाटे दूध घेऊन निघणाऱ्यांनी दिवाही लावावा. तसेच अलीकडे पादचारी कानांत इअरफोन घालून चालतात. त्याने वळून पाहिल्याशिवाय त्याला घंटी ऐकू आली असे धरू नये.

निगा

महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्यास, वाटी काढून आतील भाग पाहावा. बऱ्याच घंट्यांची वाटी डावीकडे फिरविली असता सुटते. काहींच्या माथ्यावर स्क्रू असतो. आतील चिखल काडीने व कोरड्या फडक्याने काढावा. खटक्याच्या खिळीवर व चाकांच्या आसांवर शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा एकेक थेंब सोडावा. घट्ट ग्रीस भरू नये, कारण त्यात धूळ बसून चकत्या अडकतात. वाटीच्या आतील बाजूस तेल लावू नये. वाटी परत बसविताना ती पुरती घट्ट करावी; सैल वाटी रस्त्यात गळून पडते.

मासळी नेणाऱ्यांनी रोज घरी आल्यावर हँडल व घंटी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. खताची गोणी आणल्यावरही असेच करावे, कारण खत हवेतील ओल शोषून घेते व लोखंड खाते. पट्टीचा स्क्रू आठवड्यातून एकदा हाताने तपासावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या कामास खर्च फारसा नाही. कॅन कलंडून एकदा वाया जाणाऱ्या दुधाच्या किमतीपुढे घंटीची किंमत नगण्य आहे. तरीही सांगून हे घडत नाही, दाखवून घडते. ग्रामसेवक व कृषी सहायकांनी दूध संकलनाच्या वेळी किंवा आठवडा बाजाराच्या दिवशी माल भरलेल्या चार-पाच सायकली घेऊन तीस पावलांची चाचणी सर्वांसमक्ष करावी. कोणत्या सायकलीची घंटी दोरीने दाबली आहे, कोणाची हात सोडल्यावाचून वाजत नाही, हे लोक स्वतःच दाखवून देतील. एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर, जुनी ट्यूब व तेलाची कुपी एवढे साहित्य बरोबर असले, तर दुरुस्ती तेथल्या तेथे होते. शाळेतील मुलांना पाठ करून उभे राहण्याचे काम द्यावे. ती घरी जाऊन वडिलांच्या सायकलीची परीक्षा घेतल्यावाचून राहणार नाहीत.

पावसाळ्यापूर्वी बांधबंदिस्ती व बियाण्याची तयारी होते, त्याच सुमारास ही तपासणी उरकावी. मिरग लागला की रिम ओल्या होतात आणि वाटा निसरड्या होतात. त्यापूर्वी प्रत्येक ओझ्याच्या सायकलीची घंटी तीस पावलांवर ऐकू गेली पाहिजे.